मशीनवरची पाटी

प्रिय बाळ्या,

ऑफिसात तुला साहेब म्हणतात, इमारतीत सेक्रेटरीसाहेब म्हणतात, आणि तुझी बायको चारचौघांत तुला 'हे' म्हणते. बाळ्या म्हणणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा हा हक्क मी सोडणार नाही. पत्र तुझ्या प्रशिक्षण केंद्राच्या पत्त्यावर पाठवते आहे. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या देखत उघडू नकोस, खोलीत जाऊन दार लावून वाच. आणि नेहमीसारखं पहिल्या दोन ओळींवर नजर टाकून 'हो हो, कळलं' म्हणत शेवटाकडे उडी मारू नकोस. तुझ्या या 'हो हो, कळलं'ने गेल्या काही महिन्यांत काय काय दिवे लावले, तेच सांगायला बसले आहे.

लिफ्ट चालू झाल्याचं तुला कळलंच. मेकॅनिकने तुला फोन केला आणि तासाभरात इमारतीच्या ग्रुपवर तुझा मेसेज पडला, 'सातत्यपूर्ण पाठपुराव्याला अखेर यश.' खाली अंगठ्यांची ही रांग. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तर 'असा सचिव लाभणे हे आपले भाग्य' असं लिहून टाकलं. तुझ्या बायकोने तो मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवला. 'सातत्यपूर्ण' या शब्दापाशी तिला असं हसू फुटलं की फोन माझ्या मांडीवर टाकून ती खाली बसली. तुला वाटतं तितकी ती गरीब गाय नाही रे. लिफ्ट कशी बिघडली, मग कशी आणखी बिघडवली गेली आणि शेवटी कशी दुरुस्त झाली, हे तुला क्रमाने कुणी सांगितलेलंच नाही. बिघाडाच्या दिवसांत तू त्याच घरात होतास खरा, पण तुला यातलं काहीएक ठाऊक नाही.

सुरुवात आठवते का? दरवाजा मिटत यायचा, वीतभर फट उरली की थबकायचा आणि पुन्हा उघडायचा. पुन्हा मिटायचा, पुन्हा उघडायचा. निघालेला पाहुणा दारात उभा राहून पुन्हा गप्पा सुरू करतो, तसं त्याचं चाललं होतं. मेकॅनिक आला. तोच, दातात टॉर्च धरून बोलणारा. त्याचं निम्मं बोलणं कुणाला कळत नाही आणि उरलेलं निम्मं 'होऊन जाईल' असतं. तो म्हणाला, "दरवाज्याकडचंच काहीतरी आहे, एक दिवस द्या, उघडून बघतो." एक दिवस! विम्याच्या कंपनीत लोकांना धोके समजावून सांगणाऱ्या माणसाला एक दिवस थांबता आलं नाही. तू पॅसेजमध्ये उभा, हातात फोन, आणि निकाल देऊन मोकळा, "बोर्ड गेलंय त्याचं. सगळीकडे हेच होतं, मी वाचलंय." मेकॅनिकने टॉर्च तोंडातून काढली, तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "असेल साहेब." त्याचं बिल तुझ्या सहीने निघतं, तो कशाला वाद घालेल? मला मात्र त्या क्षणी तुम्हा दोघांचीही सारखीच कीव आली. एकाला कळत नव्हतं आणि तो बोलत होता, दुसऱ्याला कळत होतं आणि तो मान डोलवत होता.

त्याच संध्याकाळी, एका हाताने जेवत, तू ते बोर्ड, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतलं कार्ड, मागवलंस. लिफ्टच्या केबिनमध्ये बटणांच्या वर पितळी पाटी आहे, तिच्यावरचं कंपनीचं नाव फोनमध्ये घातलंस आणि जे पहिलं चित्र आलं ते मला दाखवलंस. "बघ ताई, सेम टू सेम." मी तुला सांगितलं, की बाबा सेक्रेटरी असताना वरच्या मशीन रूममधली अख्खी पेटी बदलली होती. जुन्या कंपनीने हात वर केले म्हणून दुसऱ्या कंपनीची बसवली. जुनी राहिली ती फक्त केबिन आणि तिच्यातली पाटी. लिफ्ट त्या पाटीवर चालत नाही, वरच्या पेटीवर चालते, तेव्हा वर जाऊन मशीनवर काय लिहिलंय ते आधी बघ. तू घास गिळलास आणि म्हणालास, "ताई, तुला यातलं काय कळतं?" खरंय. मला काय कळणार? मी आपली छापखान्यात मुद्रितं तपासणारी बाई. एका अक्षराच्या फरकाने माणसाचं नाव बदलतं एवढंच मला कळतं.

कार्ड आलं. हिरवं होतं, जुनंही हिरवं होतं. आकार तोच, स्क्रूची भोकं जुळली. भोकं जुळल्यावर तुझा चेहरा असा काही खुलला, की ते कार्ड तूच जन्माला घातलं असावंस. मेकॅनिकने जोडलं, बटण दाबलं, आणि लिफ्टच्या पोकळीतून खाली आपल्या पाचव्या मजल्यापर्यंत जळका वास आला. नवं कार्ड गेलंच, त्याच्याबरोबर पेटीतला दुसरा एक भाग गेला, जो बिचारा अगदी धडधाकट होता. मग परत पाठवायची धावपळ. एकदा जोडलेला विजेचा भाग परत घेतला जाणार नाही, हे त्यांनी खोक्यावर ठळक छापलं होतं. ते तू वाचलं नव्हतंस, कारण खोकं फाडताना ती ओळ मधोमध फाटली होती. पैसे इमारतीचे गेले. समितीच्या बैठकीत मात्र तू 'पुरवठादाराची फसवणूक' असा शब्द वापरलास आणि सगळ्यांनी हळहळून मान हलवली.

एवढ्यावर माणूस थांबतो. तू नाही थांबलास. आता म्हणे दरवाजा ज्या चाकांवर लोंबतो ती चाकं खराब आहेत. ती झिजलेली होती, हे खरं. पण तू ती मोजलीस कशी? एक चाक काढून आणायला लावलंस, टेबलावर ठेवलंस, पट्टी लावलीस आणि जे माप आलं ते कळवलंस. अरे, वर्षानुवर्षं घासून बारीक झालेल्या चाकाचं माप! धुऊन धुऊन आटलेला सदरा शिंप्याला देऊन 'अस्साच शिवा' म्हणायचं, आणि मग काखेत का काचतो म्हणून त्याच्यावरच डाफरायचं, त्यातला प्रकार. नवी चाकं आली ती जुन्या चाकांसारखीच बारीक. दरवाजा खाली बसला, आणि बंद लिफ्टचा तो दरवाजा मेकॅनिक हाताने सरकवून बघायचा तेव्हा उंबऱ्याच्या पट्टीवर खरवडायचा. तो आवाज आठवला की अजून माझे दात शिवशिवतात. लिफ्ट अडकली होती त्या तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ त्या आवाजाने दचकून उठायचं. त्याची आई वर येऊन तुला विचारून गेली, तर तू तिला म्हणालास, "नवीन पार्ट आहे, रुळायला वेळ लागतो."

आणि मग ती मोटर. कुठल्याशा दलालाचा तुला फोन आला, शेवटचा नग आहे, आजच्या आज सांगा. दुकानदाराने 'शेवटचा' म्हटलं की तुझी बुद्धी रजेवर जाते, हे तुझं लहानपणापासूनचं आहे. दरवाज्याची अख्खी यंत्रणाच उचललीस तू. कुठल्या बाजूला उघडणाऱ्या दरवाज्याची, हे विचारायचं सुचलं नाही. आपला दरवाजा डावीकडे सरकतो, आली ती उजवीकडे सरकवणारी. हे सगळं धूड ठेवलंस कुठे? खालच्या कोठारात समितीच्या लोकांना दिसलं असतं, म्हणून आपल्या घरात, आतल्या पॅसेजमध्ये. माझे पाय लहानपणीच्या त्या तापाबरोबर गेले, तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीवर आहे, हे मी तुला नव्याने सांगायला नको होतं. पण त्या खोक्याकडे बघून वाटलं की सांगायला हवं. आंघोळीला जाताना खुर्ची तिथे अडायची. भिंत आणि खोकं यांच्यामध्ये हात घालून ढकलावं लागायचं. रोज बोटांची सालं निघायची. तू रोज त्या खोक्याला वळसा घालून ऑफिसला जायचास आणि जाताना म्हणायचास, "याचं काहीतरी केलं पाहिजे."

बाळ्या, तू असा नव्हतास, हे माझं दुखणं आहे. मला नव्या शाळेत घालायचं ठरलं तेव्हा तू एवढासा होतास, चड्डी सारखी घसरणारा. आई-बाबा फी आणि गणवेशाचं बोलत होते. तू माझ्या खुर्चीच्या दोन्ही चाकांमध्ये सुतळी धरलीस, गाठ मारलीस आणि एकटा शाळेत पळत गेलास. वर्गाचं दार, मुतारीचं दार, वाचनालयाचं दार, सगळीकडे ती सुतळी लावून बघितलीस. घामाघूम होऊन परत आलास आणि म्हणालास, "ताई, वाचनालयात नाही जाणार, पण मी पुस्तकं आणून देईन." तेव्हा तुला पट्टीवरचे आकडेसुद्धा धड वाचता येत नव्हते, आणि तरी नेमकं काय मोजायचं ते तुला कळत होतं. त्या पोराचं काय झालं, मला खरंच माहीत नाही. साहेब झालं म्हणतात.

लिफ्ट बंद होऊन बरेच दिवस झाले आणि माझी दाढ सुजली. एका बाजूने गाल असा टम्म फुगला की डोळा बारीक झाला. डॉक्टर म्हणाले, आणा इकडे. तू इमारतीतली चार माणसं गोळा केलीस, प्लास्टिकच्या खुर्चीत मला बसवलंस आणि पाच मजले खाली नेलंस. उचललं म्हणून मी त्या चौघांची आभारी आहे. वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा मास्तरांच्या मुलाने आपला खांदा मध्ये घातला, नाहीतर मी कठड्यावरून गेलेच होते. तू खुर्चीला हात लावला नव्हतास. तू पुढे उलटा चालत फोटो काढत होतास. मी डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडून बसले असेन तेव्हा तो फोटो ग्रुपवर पडला. सुजलेला गाल, विस्कटलेले केस, गाऊन पोटरीवर चढलेला. वर तुझे शब्द, 'आमच्या इमारतीची एकजूट.' अंगठे, टाळ्या, हृदयं. इमारतीची एकजूट दाखवायची वेळ का आली, हे एकानेही विचारलं नाही. मी तो फोटो पाहिला आणि तुला काहीच बोलले नाही. बोलले नाही म्हणून तुला वाटलं, मला आवडला.

छापखान्याचंही तसंच. मी रोज खाली उतरून, रस्ता ओलांडून तिथे जात होते, वीस वर्षं. लिफ्ट बंद झाल्यावर मालकाने काही दिवस मुद्रितं वर पाठवली. पण पाच मजले चढून जायला कुणी राजी होईना, आणि गठ्ठे उशिरा परत जायला लागले. मग एक दिवस त्याचा फोन आला. फार अवघडून बोलत होता. त्याने दुसरी बाई ठेवली होती. संध्याकाळी तुला सांगितलं. तू बूट काढत होतास. मान वर न करता म्हणालास, "बरं झालं ना ताई. दगदगच होती ती." मग विचारलंस, आज भाजी कुठली आहे.

त्यानंतरचा रविवार. तू हॉलमध्ये फोनवर बोलत होतास आणि माझ्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलीकडे समितीचे अध्यक्ष असावेत, कारण तुझा आवाज तसा मऊ झाला होता. निधी संपत आला आहे, आता दुरुस्तीचा विषय पुढच्या वर्षावर ढकलू, असं काहीतरी चाललं होतं. तू म्हणालास, "नाही नाही, माझी काहीच हरकत नाही. शेवटी लिफ्ट ही सोय आहे, गरज नव्हे. तसं कुणाचं काही अडत नाही." कुणाचं काही अडत नाही. मी पलीकडे होते, बाळ्या. चार पावलांवर. तोवर मी तुला मूर्ख समजत होते. मूर्खपणा मी आयुष्यभर चालवून घेतला असता, घरचाच आहे. पण तू मला विसरला होतास. माझ्यावर राग असता तर मी भांडले असते, लपवाछपवी असती तर पकडली असती. तुझ्या डोक्यातून मी सरळ पुसलीच गेले होते, त्याच्याशी भांडायचं कसं? तुझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही. आत गेली, डब्यांचा आवाज झाला आणि थोड्या वेळाने येऊन मशीन रूमची किल्ली माझ्या मांडीवर ठेवली.

तू प्रशिक्षणाला निघालास त्याच दुपारी आम्ही कामाला लागलो. आधी टॉर्चवाल्याला बोलावलं. त्याला म्हटलं, "साहेब गावाला गेलेत. आता तुला काय वाटतं ते बोल, मी कुणाला सांगत नाही." तेव्हा कुठे त्याने टॉर्च खिशात ठेवली. म्हणाला, कार्डाला काहीही झालं नव्हतं, ते पहिल्या दिवशीच वाटलं होतं. मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मग ज्या दुकानाचं नाव तो सुरुवातीपासून घेत होता आणि जे तुला 'उगाच महाग' वाटत होतं, तिथला नंबर त्याच्याकडून घेतला आणि फोन लावला. एका बाईने उचलला. आवाज असा, की समोरच्याने फोन केला हाच गुन्हा. म्हणाली, "पाटीवर काय लिहिलंय सांगा." मी विचारलं, "कुठली पाटी? केबिनमधली की मशीनवरची?" मग ती म्हणाली, "इतकी वर्षं या खुर्चीत बसते आहे, हा प्रश्न मला अजून कुणी विचारला नव्हता. मशीनवरची. फोटो पाठवा. आणि नेमकं काय बिघडलंय ते कळेपर्यंत मी तुम्हाला खिळासुद्धा विकणार नाही." मला ती बाई तिथेच आवडली.

फोटो कोण काढणार? तुझी बायको. हो, तीच, जी तुझ्या मते स्टुलावर चढली की चक्कर येऊन पडते. चष्म्याला दोरी बांधून गळ्यात अडकवला आणि गच्चीवरच्या लोखंडी शिडीने मशीन रूममध्ये चढली. मी खाली खिडकीशी, फोन कानाला. वरून तिचा आवाज, "वन्सं, इथे इतकी धूळ आहे की पाटीच सापडत नाही." एरवी ती मला ताई म्हणते, वन्सं म्हणते ते फक्त मजा वाटत असेल तेव्हा. पाटी तिने बाहीने पुसली, फोटो काढला, खाली आली. फोटो हललेला. पुन्हा वर पाठवली. पुन्हा गेली, वाटेत गुणगुणत गेली. तुझ्या घरात मी तिला गुणगुणताना याआधी ऐकलं नव्हतं.

तिकडे बाईने फोनवरून मेकॅनिकला कामाला जुंपलं. दरवाज्याच्या कडेला ती काळी पट्टी असते ना, मध्ये कुणी आलं की दरवाजा थांबवणारी. तिची बारीक केबल दरवाज्याबरोबर दिवसभर वाकते आणि सरळ होते. बाई म्हणाली, ती हाताने हळूच वाकवून बघ. त्याने वाकवली, तर पट्टीवरचा दिवा लुकलुकला. केबल आतून तुटली होती, वरून अगदी शाबूत. मधे कुणीतरी उभं आहे असं त्या दरवाज्याला सतत वाटत होतं, म्हणून तो मिटत नव्हता. बस, एवढंच होतं. एक केबल. तुझं कार्ड, तुझी चाकं, तुझा शेवटचा नग, यातल्या कशाचाही तिच्याशी संबंध नव्हता.

आता केबल हवी होती, तू जाळलेला तो भाग हवा होता आणि धड मापाची चाकं हवी होती. चाकांसाठी बाईने झिजलेलं चाक मोजूच दिलं नाही. मूळ नकाशावरून माप काढलं आणि मग दरवाज्याच्या आडव्या रुळाची रुंदी मोजायला लावून ते पडताळलं. केबलची लांबी विचारली, टोकाला असलेल्या खटक्याचा फोटो मागितला, दरवाजा कुठल्या बाजूला सरकतो ते विचारलं. माल त्यांच्या कपाटात आहे की यायचाय, हे मी विचारलं. परत घेण्याचे नियम पैसे भरायच्या आधी लेखी मागितले, तर ती म्हणाली, "शाब्बास." शेवटी जळलेल्या भागाचा लांबलचक क्रमांक, तोही मशीनवरच्या त्याच पाटीवर होता. तिने वाचला, मी फोटोत बघत राहिले. शेवटचं अक्षर ती 'सी' म्हणाली. मी म्हटलं, "सी नाही, जी आहे. आतली आडवी रेघ धुळीत बुजली आहे, पण आहे." ती म्हणाली, "जुन्या मशीनना सीच लागतो." मी म्हटलं, "मी तुमची बुद्धी तपासत नाहीये, अक्षर तपासते आहे. जी आहे." तुझी बायको तिसऱ्यांदा शिडी चढली, पाटी ओल्या फडक्याने पुसून आली. जी होता. सी बसवला असता तर पेटीतून पुन्हा धूर निघाला असता, असं बाईनेच मग सांगितलं. माफी वगैरे मागितली नाही. मीही अपेक्षा केली नव्हती.

माल आला. दरवाजा मिटला आणि मिटलेला राहिला. पैसे तुझ्या बायकोने आपल्या साठवणीतले घातले होते. मी अध्यक्षांना बिलं दाखवून ते वसूल केले आणि तुझं ते पॅसेजमधलं धूडही त्यांच्या दारात नेऊन ठेवायला लावलं. मी खाली उतरले. रस्ता ओलांडून छापखान्यात गेले. माझ्या टेबलापाशी एक तरुण बाई बसली होती, दोष तिचा नाही. मालकाने चहा मागवला आणि हवापाण्याचं बोलत राहिला. काउंटरवर एका जाहिरातीचं मुद्रित पडलं होतं, वरच्या सर्वांत मोठ्या ओळीत ढळढळीत चूक. मी चहा संपवला, छान झाला होता म्हटलं आणि निघाले. ती चूक तशीच छापली गेली असेल. मला अजिबात वाईट वाटत नाही.

त्याच आठवड्यात दुकानातल्या बाईचा फोन आला. ती निवृत्त होते आहे. मालक तिच्या जागी एकामागून एक गोडबोली मुलं आणून बसवतो आणि ती मुलं प्रत्येक गिऱ्हाइकाला हो म्हणतात. मग माल चुकीचा जातो, परत येतो, भांडणं होतात. तिला नाही म्हणणारं माणूस हवं होतं. मी गेले, बसले, एका दिवसात सात-आठ जणांना नाही म्हटलं. मालकाने लगेच ठेवून घेतलं. दुकान, गोदाम, ऑफिस सगळं तळमजल्यावर आहे. जड माल गाड्यांवरून ढकलत न्यावा लागतो म्हणून सगळीकडे उतरण केलेली आहे, उंबरा औषधाला नाही. लिफ्टच्या मोटरसाठी केली आहे, पण माझी खुर्ची काय सुरेख पळते म्हणून सांगू! शेजारच्याच गल्लीत तळमजल्यावर एक खोली घेतली आहे. न्हाणीघराचं दार तुझ्या बायकोने येऊन मोजलं.

आणि परवा, बाळ्या, माझ्या टेबलावर तुझी ऑर्डर आली. बिलावरून दुकानाचा पत्ता तुला मिळाला असणार. 'भविष्यातील गैरसोय टाळण्यासाठी' तुला एक कार्ड आणि दोन केबली जादा हव्या आहेत, त्वरित पाठवाव्यात. खाली पदासकट सही. कंपनीचं नाव तू पुन्हा केबिनमधल्या पितळी पाटीवरचंच लिहिलं आहेस. मी ती ऑर्डर नामंजूर केली. 'मशीनवरच्या पाटीचा स्पष्ट फोटो पाठवावा' असा छापील मजकूर तुला मिळेल, खालची सही नीट वाच. तू मात्र वरच्या ओळीत 'महोदय' लिहिलं होतंस. चालायचंच.

आता हे पत्र का, ते सांगते. घर सोडून मला दुसरा आठवडा लागला. तुला आपण होऊन सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. फोनवर 'ताई कशी आहे' एवढं तू विचारलंस की तुझी बायको लगेच सगळं सांगणार होती. तिला खोटं बोलता येत नाही. तू रोज फोन करतोस, चांगली गोष्ट आहे. लिफ्टचं विचारलंस. पाण्याच्या टाकीचं विचारलंस. ग्रुपवर कोण काय म्हणालं ते विचारलंस, गाडीवर कव्हर घातलं का विचारलंस. माझी खोली रिकामी आहे, तिथे आता तिने आपलं शिवणाचं मशीन मांडलं आहे, त्याची घरघरसुद्धा तुला फोनवर ऐकू आली आणि तू म्हणालास, तो आवाज कमी कर. काल तिचा मला फोन आला. म्हणाली, "वन्सं, आज त्यांनी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालतेस का विचारलं. आता तुम्हीच लिहा." म्हणून लिहिलं.

तुझीच,
ताई